दुसऱ्या गाडीचं हेडरेस्ट आपल्या सीटवर: बसलं म्हणजे झालं का?

गेले काही महिने माझ्या फीडमध्ये एकाच धाटणीच्या रील्स येतायत. बेस मॉडेलची हॅचबॅक, मागच्या सीटचं कव्हर काढलेलं. कारागीर कटरने फोममध्ये दोन भोकं पाडतो, कुठल्यातरी मोठ्या गाडीचं जाडजूड हेडरेस्ट त्यात खुपसतो, 'खट्' असा आवाज येतो आणि कॅप्शन झळकते: टॉप मॉडेलचा फील, अगदी स्वस्तात. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "भाऊ, माझ्या गाडीला बसेल का?"

मीही हाच प्रश्न विचारला होता. उत्तर 'हो' आलं, पैसे दिले, आणि मग कळलं की प्रश्नच अपुरा होता.

हा विषय आत्ताच का, तर दोन कारणं आहेत. पहिलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पहिली गाडी घेणारे माझ्या वयाचे बरेच जण पुन्हा हिशोब करायला लागलेत आणि त्यात "बेस मॉडेल घेऊ, बाकीचं बाहेरून करून घेऊ" हा जुना आवडता मार्ग आहेच. दुसरं कारण पुणेकरांना सांगायला नको. कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका मोठ्या वाहनाने मागून येऊन एकामागोमाग ४८ गाड्या ठोकल्या. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथेच पुन्हा भीषण अपघात झाला, माणसं गेली. खरं सांगायचं तर कंटेनरखाली सापडलेल्या गाडीत कुठलंच हेडरेस्ट कामाचं नसतं. पण त्या बातमीनंतर "मागून कोणी ठोकलं तर?" हा विचार घराघरात आला, आणि त्या प्रश्नाचा रोजच्या आयुष्यातला भाग हेडरेस्टपाशी येऊन थांबतो.

आकडाही बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ४,६१,३१२ अपघात नोंदलेत. त्यात 'मागून धडक' हा प्रकार सगळ्यात मोठा, साधारण २१ टक्के. आणि ही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणं. सिग्नलला मागच्याने हलकेच ठोकलं, दोघांनी खाली उतरून बंपर बघितला, थोडी शिवीगाळ केली आणि निघून गेले, असले प्रसंग यात नाहीत.

आमचा प्रसंग असलाच होता. माझी गाडी सेकंड हँड, २०१६ चं बेस मॉडेल. मागच्या सीटला वेगळं हेडरेस्ट नाही, सीटच्या पाठीलाच वरती दोन उंचवटे आहेत. आई नेहमी मागे बसते, कारण पुढे बसलं की तिला माझ्या ब्रेक मारण्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. सिंहगड रोडला सिग्नलवर आम्ही थांबलेलो, मागून एक छोटा टेम्पो येऊन टेकला. टेकलाच म्हणायचं, बंपरला फक्त ओरखडा. आई म्हणाली, "काही नाही रे, चल." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना. तिला मणक्याचा त्रास आधीपासून आहे. पुढचे सतरा दिवस गळ्यात पट्टा होता.

हेडरेस्टवर डोकं टेकवायचं नसतं

नाव फसवं आहे. 'रेस्ट' म्हटलं की आपल्याला उशी आठवते. नियमांच्या भाषेत याला 'हेड रेस्ट्रेंट' म्हणतात, म्हणजे डोकं रोखणारं. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नवीन कारच्या पुढच्या दोन्ही सीटना ते सक्तीचं झालं, आणि त्यामागचा विचार आरामाचा नव्हता.

मागून धडक बसते तेव्हा काय होतं? गाडी पुढे ढकलली जाते, सीट गाडीबरोबर पुढे जाते, सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते. डोक्याला मात्र कोणी ढकलत नाही, ते जागेवरच राहू पाहतं. खांदे पुढे गेले आणि डोकं मागे राहिलं, तर मधल्या मानेचं काय? एका क्षणासाठी तिचा आकार इंग्रजी 'एस' अक्षरासारखा होतो. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतं, स्नायू आवळून धरायला वेळच मिळत नाही. यालाच व्हिपलॅश म्हणतात. एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं.

म्हणून हेडरेस्टकडून दोन गोष्टी हव्यात: ते पुरेसं उंच असावं आणि डोक्याच्या जवळ असावं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने सोपं माप दिलंय. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्यापासून ९ सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली नको, म्हणजे साधारण कानाच्या वरच्या टोकाच्या रेषेत. आणि डोक्यामागची मोकळी जागा जितकी कमी तितकी बरी, १० सेंटीमीटरच्या पुढे गेली की मानेचा त्रास वाढलेला दिसतो. याच संस्थेने २००८ मध्ये विम्याचे दावे तपासले तेव्हा चांगल्या सीट-हेडरेस्टच्या गाड्यांत तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या मानेच्या दुखापती वाईट रेटिंगवाल्या गाड्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी निघाल्या.

आता उलट बाजू. हेडरेस्ट बुटकं असेल, मानेच्या मध्यावरच संपत असेल, तर डोकं त्याच्या कडेवरून मागे उलटतं. ती कड टेकूसारखी काम करते, आणि टेकूवर काय होतं हे आपण पहारीने दगड उचलताना बघितलेलं असतं. आमच्या गाडीचे ते दोन उंचवटे आईच्या मानेच्या बरोबर मध्यावर यायचे.

बसवायला गेलो तेव्हा

शहरातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत गेलो. एका सेडानची मागच्या सीटची जोडी मिळाली. मऊ, जाड, जवळपास नवी. दुकानदाराने हातात घेऊन वजन करून दाखवलं, "दादा, हे बघा, लोखंड आहे." बाराशे रुपये.

घरी येऊन मोजामापी केली. पहिली चूक म्हणजे मी फोनच्या मेजर ॲपने मोजलं. कॅमेऱ्यावर चालणारं ते ॲप टेबल, पडदा, फ्रिजसाठी ठीक आहे, इथे प्रश्न मिलीमीटरचा आहे. माझ्या फोनने दोन दांड्यांमधलं अंतर एकदा १३ सेंटीमीटर सांगितलं आणि एकदा १५. मग ऑफिसमधल्या एकाचा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आणला. दांडीची जाडी १२ मिलीमीटर, एका दांडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १४२. एकाच दांडीला खाचा, दुसरी गुळगुळीत. माझ्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटची मापं शोधली तर १० आणि १४०.

इथे बरेच जण म्हणतील, दोन मिलीमीटरच तर आहेत. मलाही तसंच वाटलं होतं. पण एक समजून घ्या. दांड्यांची जाडी किती, त्यांच्यात अंतर किती, खाचा किती आणि कुठे, याचं कुठलंही जागतिक माप नाही. सरकारी नियम हेडरेस्टची उंची, रुंदी, ताकद ठरवतात, दांडी कशी असावी ते कंपनीवर सोडतात. यूएसबी-सी सारखं इथे काही नाही, प्रत्येकाचा चार्जर वेगळा. त्यामुळे ऑनलाइन दुकानात ज्या पार्टखाली 'युनिव्हर्सल' लिहिलंय, तिथे अर्थ एवढाच घ्यायचा की विकणाऱ्याने मोजलेलं नाही.

मग कुशनवाल्या काकांकडे गेलो. माणूस जुना, हातात कला, मी त्यांच्याकडून आधी सीट कव्हर शिवून घेतलेली. त्यांनी कव्हर सोडवलं, फोम बाजूला केला आणि म्हणाले, "पाईप नाहीये हो यात."

ही गोष्ट रीलमध्ये कधीच दिसत नाही. हेडरेस्टची दांडी फोममध्ये उभी राहत नाही. वरून दिसते ती प्लास्टिकची बाही, बटणवाली. ती बाही ज्यात घट्ट बसते तो लोखंडी पाईपचा तुकडा सीटच्या सांगाड्याला कारखान्यातच वेल्ड केलेला असतो. मागून धडक बसली की डोक्याचा सगळा जोर दांडीवर, दांडीचा बाहीवर, बाहीचा पाईपवर, पाईपचा सांगाड्यावर आणि सांगाड्याचा गाडीच्या फ्लोअरवर जातो. साखळीतली एक कडी नसली की बाकीच्या कितीही मजबूत असोत. माझ्या बेस मॉडेलच्या सांगाड्याला वरती फक्त एक वाकवलेली सळई होती.

काका म्हणाले, "टेन्शन नको घेऊ. दोन पाईप टाकतो, पट्टीने बांधतो, वरून फोम. हलणार नाही." आणि खरंच, तासाभरात जोडी उभी राहिली. दिसायला तर झकास. हाताने हलवलं, हललं नाही. मी खूश, फोटो काढला, स्टेटसला टाकला.

सामानाच्या काट्याची परीक्षा

इंजिनियरिंगला शिकवलेलं नोकरीत फारसं वापरावं लागत नाही, पण रात्री झोप लागेना. अमेरिकेचा हेडरेस्टचा नियम, एफएमव्हीएसएस २०२ए, इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला खुला आहे. तो काढून वाचला. त्यात हेडरेस्टला मागे ओढायची चाचणी आहे. सीटच्या बसायच्या बिंदूभोवती ३७३ न्यूटन-मीटर इतका जोर लावायचा आणि तेव्हा हेडरेस्ट १०२ मिलीमीटरपेक्षा जास्त मागे सरकता कामा नये. हेडरेस्टच्या उंचीवर हिशोब केला तर हा जोर साधारण ५० किलोने मागे ओढण्याइतका येतो. त्यानंतर ओढ ८९० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ९० किलोपर्यंत वाढवायची, ५ सेकंद धरून ठेवायची, आणि काही तुटता कामा नये.

घरात विमानप्रवासाचा सामान तोलायचा काटा होता, हुकवाला. सकाळी डिकी उघडली, हेडरेस्टला बॅगेचा पट्टा बांधला, काट्याला अडकवला आणि मागे ओढायला लागलो. आई बाल्कनीतून बघत होती, तिला काय वाटलं असेल कोण जाणे. काटा १८ किलोवर आला तेव्हा हेडरेस्ट चार बोटं मागे गेलं होतं आणि आतून प्लास्टिक कडकडल्याचा आवाज आला. मी सोडून दिलं. परत जागेवर आलं ते थोडं तिरकं होऊनच.

ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही, मान्य. पण ५० कुठे आणि १८ कुठे. काकांची यात चूक नाही, त्यांनी कापडाचं आणि फोमचं काम उत्तम केलं होतं. माझी मागणीच त्यांच्या धंद्याबाहेरची होती.

त्या नियमात मला एक वाक्य फार आवडलं, म्हणजे त्यामागचा विचार. मागच्या सीटला हेडरेस्ट असलंच पाहिजे अशी सक्ती अमेरिकेतही नाही. पण बसवलं असेल, तर ते उंचीच्या आणि ताकदीच्या अटी पाळणारंच असलं पाहिजे. कारण हेडरेस्ट दिसलं की माणूस त्याच्यावर विश्वास टाकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. फंक्शनचं नाव जुळतं, पॅरामीटर जुळतात, कोड कंपाईल होतो, डेमोला टाळ्या पडतात. आत काय लिहिलंय ते लोड आल्यावर कळतं. फरक इतकाच की आमच्याकडे लोड आला की सर्व्हर पडतो, इथे मागे आई बसलेली असते.

उलट्या दिशेचा घोळ

हेडरेस्ट बदलायचा हा नाद फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत लोक नेमक्या उलट्या कारणासाठी बदलतात. २००९ च्या सुमारास तिथे २०२ए लागू व्हायला लागला आणि पुढच्या सीटच्या हेडरेस्टला अट आली की डोक्यामागची जागा ५५ मिलीमीटरपेक्षा जास्त नको. हेडरेस्ट पुढे झुकली. सीट सरळ करून बसणाऱ्यांना, बुटक्या माणसांना वाटायला लागलं की हनुवटी छातीला टेकतेय. मग कोणी जुन्या मॉडेलची चपटी हेडरेस्ट शोधतं, कोणी दुसऱ्या कंपनीची घालून बघतं, आणि कोणी चक्क आहे तेच काढून उलटं फिरवून बसवतं.

उलटं फिरवणं आपल्याकडेही कॅबमध्ये बघितलंय मी. कृपा करून करू नका. पुढे झुकलेला भाग मागे गेला की मोकळी जागा झटक्यात वाढते, शिवाय लॉकची खाच दुसऱ्या बाजूला जाते आणि बटण नुसतं शोभेला राहतं. त्रास होत असेल तर आधी सीटची पाठ एक-दोन टप्पे मागे टाका. पाठ मागे गेली की हेडरेस्टही मागे जातं, बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. आणि ती ऑनलाइन मिळणारी मानेची उशी, हेडरेस्टला बांधायची? डोकं जवळ आणण्याऐवजी मान पुढे ढकलते आणि डोक्यामागची फट वाढवते. माझ्या मते पैसे वाया.

काही गाड्यांमध्ये तर हेडरेस्ट हे नुसतं हेडरेस्ट नसतं. साबने १९९७ मध्ये असं हेडरेस्ट आणलं की धडकेत तुमची पाठ सीटमध्ये रुतली की आतल्या तरफेने ते आपोआप वर आणि पुढे सरकतं. पुढे झालेल्या अभ्यासात व्हिपलॅशच्या दुखापती ७५ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. व्होल्वोने १९९८ मध्ये सीटची सगळी पाठच मागे सरकून जोर पचवेल अशी रचना केली. अशा सीटवर दुसऱ्या गाडीचं हेडरेस्ट घातलं तर वरून काही कळणार नाही, पण आतली यंत्रणा मेलेली असेल.

आणखी एक नवीन नाद म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग. जाडी जुळत नाही ना, मग मधली बाही प्रिंट करून घ्या, फाईल फुकट मिळते. घरगुती प्रिंटरवर बहुतेक जण पीएलए वापरतात. ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत आत काय तापमान होतं ते स्टिअरिंगला हात लावून बघा. शिवाय प्रिंट थरांनी बनतं आणि थर जिथे चिकटलेत तिथेच ते आधी तुटतं. मोबाईल स्टँड करा, चावी अडकवायचा हुक करा, हे नको.

पाच स्टार आहेत ना?

माझ्या एका मित्राचा युक्तिवाद असा: त्याच्या नव्या गाडीला भारत एनकॅपचे पाच स्टार आहेत, मग मागच्या सीटचं एवढं काय घेऊन बसलास? १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं ही मोठी गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण कोणत्या चाचण्या होतात ते बघा. समोरून ताशी ६४ किलोमीटरने, बाजूने ५० ने आणि खांबावर बाजूने २९ ने. ज्या नियमावलीने सुरुवात झाली तीत मागून धडकेची, मानेची चाचणी नाही. युरो एनकॅप पुढच्या सीटवर व्हिपलॅशचे गुण २००९ पासून देतंय आणि मागच्या सीटची मापं २०१४ पासून बघतंय. आपल्याकडे सीट आणि हेडरेस्टसाठी एआयएस-०१६ हे मानक आहे, कंपनीला ते पाळावं लागतं. पण 'पास' आणि 'चांगलं' यातला फरक ग्राहकाला दाखवणारा स्टार त्यात नसतो. म्हणजे स्टारवरून तुमच्या मागे बसणाऱ्याच्या मानेचं काही कळत नाही. शोरूममध्ये मागे बसून हेडरेस्ट कानाच्या वरच्या टोकापर्यंत येतं का ते बघणं, ही चाचणी आपली आपणच करायची.

ब्रोशरमध्ये 'ॲडजस्टेबल रिअर हेडरेस्ट' ही ओळ अलॉय व्हील आणि टचस्क्रीनच्या शेजारी, सोयीच्या यादीत छापलेली असते, यावर माझा खरा राग आहे. लोखंडी पाईपचे चार तुकडे आणि दोन उशा. त्यासाठी माणसाने व्हेरिएंट बदलावा?

कायद्याचं काय, हेही विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे. कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए हे कलम आलं, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड. हेडरेस्ट आरसी बुकात लिहिलेलं नसतं, त्यामुळे चौकातले मामा यासाठी अडवतील असं मला वाटत नाही. पण सांगाडा कापून वेल्डिंग करणं हे उशी बदलण्याइतकं साधं नाही, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर काय लिहील ही जोखीम तुमची. पुढच्या सीटच्या पाठीत साईड एअरबॅग असेल तर तिथे कोणत्याही बाहेरच्या कारागिराला हात लावू देऊ नका. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला की थांबायचं.

जाता जाता तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड. गाडीला आग लागल्याची बातमी आली की हमखास फिरतो: "हेडरेस्ट मुद्दाम काढता येण्याजोगं आणि टोकदार बनवतात, काच फोडण्यासाठी!" नाही. काढता येतं ते सीट दुमडायला, लहान मुलांची सीट बसवायला, साफसफाईला. उलट नियमात अशी अट आहे की उंची कमी-जास्त करताना ते चुकून निघून येऊ नये, काढायला वेगळं बटण दाबावं लागलं पाहिजे. अडचणीत दांडी काचेच्या फटीत घालून काच फुटूही शकेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. छोटा काच फोडायचा हातोडा ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो, तो हाताशी ठेवा.

मग शेवटी काय केलं

सेडानची जोडी काढून माळ्यावर टाकली. मग माझ्याच मॉडेलच्या, त्याच काळातल्या वरच्या व्हेरिएंटची मागची पाठ शोधायला लागलो. नुसतं हेडरेस्ट नको होतं, पाईप वेल्ड केलेल्या सांगाड्यासकट संपूर्ण पाठ हवी होती. इथे पुन्हा एक गंमत. टॉप व्हेरिएंटची पाठ ६०:४० दुमडणारी, तिला फ्लोअरवर मध्ये एक ब्रॅकेट लागतो, तो माझ्या गाडीला नाही. मधल्या व्हेरिएंटची मात्र एकसंध होती आणि बोल्टच्या जागा तंतोतंत त्याच. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने स्पेअर पार्ट कॅटलॉगमध्ये दोन्ही व्हेरिएंटचे पार्ट नंबर काढून दाखवले. बिजागरी आणि लॉक दोन्हीकडे एकाच नंबरचे होते, तेव्हाच मी पैसे मोजले. भंगारात निघालेल्या गाडीची पाठ ६,५०० रुपयांना मिळाली, बसवायला ८०० गेले. तुम्ही करणार असाल तर हाच क्रम ठेवा, आधी पार्ट नंबर, मग पैसे. एकच गाडी दोन नावांनी विकली जाते, बलेनो आणि ग्लान्झासारखी, तिथे सांगाडा एकच असण्याची शक्यता मोठी. तरी नंबर बघाच. आणि काढलेल्या गाडीचा मागून अपघात झालेला नाही ना, हे पाठ सपाट जमिनीवर ठेवून पिळलेली नाही ना ते तपासून घ्या.

काटा पुन्हा लावला. ५० किलोला काट्याचीच मर्यादा आली. हेडरेस्ट तेवढ्याला मागे झुकलं, सोडल्यावर जागेवर आलं, आवाज नाही.

आईला बसवून उंची लावली, कानाच्या वरच्या टोकापर्यंत. लॉकचा 'खट्' आवाज दोन्ही वेळा ऐकला. पट्टा लावायला सांगितला, कारण पट्ट्याशिवाय मागच्या सीटवर बाकी सगळं व्यर्थ आहे. मग डोक्यामागची जागा मोजली तर अकरा सेंटीमीटर. मला कळेना. सीट तीच, आई तीच. बघतो तर तिचा अंबाडा. तो हेडरेस्टला टेकत होता आणि डोकं पुढे ढकलत होता.

"आता अंबाडापण तुझ्या नियमात बसवू का?" ती म्हणाली. पण लांबच्या प्रवासाला निघताना हल्ली ती वेणी घालते.